वाळूला हात लावायचा नाही

"लातूरला गोल्फ?" असं विचारून माणूस आधी हसतो. मग माझ्याकडं नीट बघतो, आणि मी हसत नाही म्हटल्यावर त्याला वाटतं, हा आपल्याला बनवतोय. आमच्या व्याह्यांनी तर सोयरीक जुळायच्या बैठकीतच विचारलं होतं, "गावाला प्यायला पाणी न्हाई, अन् तुमी गवताला पाजून राहिलात व्हय?" मी म्हणालो, "गवत असतं तर पाजलं असतं की." सोयरीक जुळली, पण मी नेमकं काय काम करतो ते व्याह्यांना आजतागायत कळलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. दिवाळीला अंकच त्यांच्या हातात ठेवणार आहे.

तर मैदान आहे. लातूरहून शिरूर अनंतपाळकडं जाताना डाव्या हाताला एक खडकाळ माळ लागतो, त्यावर नऊ होलचं. मोठ्या शहरात होलभोवती हिरवळ असते, आमच्याकडं तेल मिसळून दाबलेल्या वाळूचं गोल अंगण असतं. त्यावर रोज सकाळी गोणपाट ओढून ते सपाट करावं लागतं. बाकी सगळा मुरूम, कुसळं आणि बाभळी. पाहुणे खेळाडू येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "यात बंकर कुठला?" म्हणून आम्ही प्रत्येक बंकरभोवती फक्की मारून ठेवली आहे.

मी मूळचा भोकर तालुक्यातला. आम्हाला रान नव्हतं, आई लोकांच्या रानात पेरणीला, खुरपणीला जायची. मी फौजेत गेलो. गावानं हार घालून पाठवलं, आणि निम्मी नोकरी साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानावर गवत कापण्यात गेली. हे गावाला मी फार उशिरा सांगितलं. तिथल्या एका साहेबांनी नियमांचं पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाले, वाच. मी ते इतक्या वेळा वाचलं की साहेब मलाच विचारायला लागले. हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि इथं लागलो. रोज मैदानाची देखभाल, आणि सामने असले की पंच. सगळे हवालदारच म्हणतात. बायको म्हणते, "खेळ लोकांचा, हौस लोकांची, अन् भांडणं तेवढी तुमच्या अंगावर." तिचं खोटं नाही.

आता बंकर म्हणजे काय ते सांगतो, कारण माझी निम्मी भांडणं तिथलीच. बंकर म्हणजे मुद्दाम खोदून वाळू भरलेला खड्डा. चेंडू त्यात जाऊ नये म्हणून जपायचं, आणि गेला तर मुकाट्यानं बाहेर काढायचा. गंमत अशी की मारण्याआधी वाळू कशी आहे, भुसभुशीत आहे की घट्ट, हे तपासायचं नाही. हातानं नाही, क्लबनं म्हणजे चेंडू मारायच्या दांड्यानं नाही, दाताळ्यानंही नाही. चेंडूच्या अगदी मागंपुढं क्लब टेकवायचा नाही, सरावाला फिरवताना वाळू उडवायची नाही. जे काय कळायचं ते फटका मारल्यावरच कळावं, असं या खेळाचं म्हणणं आहे. चुकलात तर दोन ठोक्यांचा दंड. आणि दोघांचा समोरासमोर मुकाबला असेल, जिथं एकेक होल जिंकायचं असतं, तिथं ते होलच हातचं गेलं.

पूर्वी बंकरमधल्या काडीलाही हात लावू देत नव्हते. मध्यंतरी नियम सैल झाले. आता खडा, पान, काडी उचलता येते. दमलात तर क्लबवर टेकून उभं राहता येतं. आणि राग आला तर वाळूवर क्लब आपटता येतो. हे मी पदरचं सांगत नाही, पुस्तकात तसं आहे.

ही शेवटची सवलत उदगीरच्या शेटजींना सांगून मी चूक केली. शेटजींची आडत आहे, दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाशी इतकं गोड बोलतात की साठलेला सगळा राग रविवारी आमच्या मैदानावर निघतो. एकदा चार फटक्यांत चेंडू बाहेर येईना, तर बंकरमध्ये त्यांनी अशी मळणी केली की मला तिथं पुन्हा वाळू टाकून घ्यावी लागली. वर मलाच विचारतात, "दंड तर नाही ना, हवालदार?" म्हटलं, "नाही शेटजी, पण रक्तदाब तपासून घ्या."

याच शेटजींचा चेंडू एकदा बंकरमध्ये झोपलेल्या कुत्र्याच्या पोटाला जाऊन टेकला. उन्हाळ्यात गावची कुत्री सकाळी गार वाळूत येऊन पडतात. शेटजी कुत्र्याला भितात. काठावरनंच ओरडले, "हवालदार, नियम काय म्हणतो?" मी म्हणालो, "कुत्रं उठवा. ते उठताना चेंडू हलला तर दंड नाही, होता तिथं परत ठेवायचा." "अन् चावलं तर?" "त्याचा नियम दवाखान्यात." शेवटी मीच हाड हाड केलं. कुत्रं उठलं, आळस दिला आणि चेंडू पायानं उडवून निघून गेलं. आता पंचाईत अशी की वाळूतला चेंडू परत ठेवताना आधी वाळू जशी होती तशीच करून द्यावी लागते. शेटजी बसले हातानं करायला. असा सुंदर सपाट ओटा केला की त्यावर रांगोळी काढावी. मी म्हणालो, "शेटजी, एवढं चांगलं नव्हतं." मग त्यांनी थोडं खणलं. "अजून." परत थोडं. असं करत करत आम्ही पंधरा मिनिटं घासाघीस केली, मागचे खेळाडू बेजार झाले. उठताना म्हणाले, "तुम्ही आडतीत पाहिजे होता, हवालदार." तेवढी शाबासकी मला फौजेतही मिळाली नव्हती.

आणि लातूरचे वकीलसाहेब. चौथ्या होलच्या बंकरमधली वाळू एकदा कुणीतरी उचलूनच नेली. आमच्याकडं वाळूला काय भाव आहे ते मी सांगायला नको, कुणाच्या तरी घराचा गिलावा झाला असेल, सुखी राहो. मी तो खड्डा दुरुस्तीत आहे असं लिहून पाटी लावली, म्हणजे चेंडू उचलून बाहेर घेता येतो. पण त्या दिवशी वकीलसाहेबांच्या प्रतिस्पर्ध्याचा चेंडू त्यात गेला, स्वतःचा नाही. झालं. साहेबांनी शर्टाच्या बाह्या सावरल्या आणि वाळू नसलेला बंकर हाही कायद्यानं बंकरच कसा, यावर अर्धा तास बोलले. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पाटी दाखवली. पुढच्या रविवारी त्यांचा स्वतःचा चेंडू त्याच खड्ड्यात गेला. तेव्हा त्यांनी पाटीकडं बोट दाखवलं आणि एक शब्द बोलले नाहीत.

असे हे लोक. मी त्यांची थट्टा करतो, पण माणसं वाईट नाहीत. आणि मला मनातून एक घमेंड होती, ती सांगून टाकतो. मला वाटायचं, या सगळ्या माळावर नियमानं चालणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. आता माणिकआप्पांचं सांगतो.

मैदान ज्या माळावर आहे तो माळ आप्पांचा. खाली ओढ्याच्या कडेला त्यांचं काळं रान आहे, तिथं ते सोयाबीन, तूर घेतात. माळावर कुसळाशिवाय काही येत नव्हतं, तो त्यांनी मैदानासाठी करारानं दिला. पण एक अट घातली, मीही खेळणार. "माझ्या रानात लोक काय करून राहिलेत ते मला कळाय पायजे." साठी ओलांडल्यावर त्यांनी क्लब हातात धरला. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी. कमिटीतल्या कुणीतरी पोशाखाचे नियम काढले, तर आप्पा म्हणाले, "रान बगा आधी कुणाचं हाय." पोशाखाचा विषय तिथंच मिटला. क्लब ते कुऱ्हाडीसारखा उचलत आणि चेंडू मात्र नेमका मारत. बंकरला म्हणत आळं. "हवालदार, पुन्हा आळ्यात गेला की हो." मला पहिल्या दिवसापासून अहोजाहो बोलले. मोठ्या शेतकऱ्याच्या तोंडून ते ऐकायची सवय आमच्या घराला नव्हती, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

आमच्या चहाच्या खोलीत एक लाकडी फलक आहे. दर साली मुकाबला जिंकणाऱ्याचं नाव त्यावर पेंटर रंगवतो. त्यावर डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, बिल्डर आहेत. आप्पा चहाचा कप घेऊन त्या फलकासमोर उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "माळ माझा, अन् पाटीवर मी न्हाई." मी म्हणालो, "आप्पा, सातबाऱ्यावर तुमचंच नाव आहे की." तर म्हणाले, "ते बापानं ठिवलं, हवालदार. त्यात माझं काय? ह्ये कमावल्यालं पायजे." त्यांना ते नाव किती हवं होतं हे मला त्या दिवशी कळलं. सलग तीन सालं ते पहिल्या-दुसऱ्या फेरीत पडले. चौथ्या साली अंतिम सामन्यात पोचले.

समोर नांदेडचे हाडांचे डॉक्टर. तेच आप्पांच्या गुडघ्यांवर इलाज करत होते. दोन्ही गुडघे गेलेत, पुढच्या उन्हाळ्यात बदलायचे, आणि मग गोल्फ विसरायचं, असं त्यांनीच आप्पांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे ही संधी शेवटची, हे आप्पांना माहीत, डॉक्टरांना माहीत आणि मलाही. तरी दोघं सकाळपासून एकमेकांची खेचत होते. "आप्पा, चढाला दमानं. गुडघा माझा आहे." "तुमी तुमचा चेंडू सांभाळा, डॉक्टर. गुडघा तुमच्या हाती लागायला अजून टाइम हाय."

नऊ होल दोनदा खेळतात, म्हणजे अठरा. सतरा झाल्यावर दोघं बरोबरीत. शेवटच्या होलला डॉक्टरांचा चेंडू बाभळीत गेला, सापडला नाही, दंड बसला. आप्पांचा चेंडू होलजवळच्या बंकरमध्ये. आता आप्पांनी तो फक्त नीट बाहेर काढायचा आणि दोन ठोक्यांत होलमध्ये घालायचा. एवढं तर ते झोपेतसुद्धा करतील. माझ्या मनानं पेंटरला निरोपही धाडला होता.

पण आदल्या दिवशी चहाच्या खोलीला पाणी द्यायला आलेल्या टँकरवाल्यानं पाइप तिथंच सोडला होता. बंकरमधली वाळू ओली होऊन, रात्रभर मुरून, सकाळच्या उन्हात जराशी वाफाळलेली होती. डॉक्टरांना नांदेडहून दवाखान्याचा फोन आला, ते पाठ करून पलीकडं बोलत उभे राहिले. आप्पा बंकरमध्ये उतरले. चेंडूकडं पाहिलं, खाली पाहिलं. मग वाकले, हातभर अंतरावरची मूठभर वाळू उचलली, मुठीत दाबली, मूठ उघडली आणि अंगठ्यानं ते ढेकूळ फोडलं. वाळू झटकली. हातातला रुंद तळाचा क्लब पिशवीत ठेवला आणि दुसरा काढला.

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पंचाला एखादे वेळी कळलं नसतं. मला कळलं. पाऊस होऊन गेला की रान ना चिखल ना कोरडं अशा बेताला येतं, त्याला आमच्याकडं वाफसा म्हणतात. वाफसा आला की पेरायचं. मालक रानात वाकून अशीच मूठ उचलतो, दाबतो, फोडतो. लहानपणी आईबरोबर बांधावर बसून मी कितीदा त्या मुठीकडं डोळे लावून राहिलोय. मालक "आला" म्हणाला की आईला त्या दिवशी काम, नाही म्हणाला तर घरी परत. ती मूठ मी विसरणार कशी?

पण पुस्तकाच्या भाषेत याला वाळू तपासणं म्हणतात. हातानं तपासली, त्यावरनं क्लब बदलला. होल गेलं, आणि होलबरोबर सामना.

डॉक्टर फोनवरच होते. पाहणारा मी एकटा. आप्पांच्या जवळ गेलो आणि जे विचारलं ते असं विचारलं, "आप्पा, खडा उचललात ना?"

खडा उचलायला परवानगी आहे. आप्पांनी "हाव" म्हटलं असतं तर मी मागं सरकलो असतो. वहीत लिहायचंही काही उरलं नसतं.

आप्पांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. बोटांना ओली वाळू चिकटली होती. आपण काय केलं ते त्यांना बहुतेक तेव्हाच उमगलं. चेहरा उतरला. क्षणभर ते डॉक्टरांच्या पाठीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"खडा कुठला हो," ते म्हणाले. "वाफसा पाह्यला."

"आप्पा, नियम..."

"ठाऊक हाय. तुमीच शिकविला. हात गेला, हवालदार. जलमभर जात आला, आज कसा ऱ्हाईल?"

डॉक्टर फोन ठेवून आले. मी झालेलं सांगितलं. ते हबकले. "अहो, जाऊ द्या की. मी पाहिलंच नाही. आप्पा, मारा तुम्ही." मी सांगितलं, चूक माहीत असून दोघांनी संगनमतानं सोडून दिली तर दोघंही बाद होतात. डॉक्टर चिडले. "काय हवालदार, एवढी वाळू हातात घेतली तर आभाळ कोसळलं का?" आप्पाच म्हणाले, "डॉक्टर, तुमी न्हाई पाह्यलं. पर ह्यांनी पाह्यलं, अन् म्या केलं. आमी दोघं हाव की साक्षीला." त्यांनी टोपी काढली आणि डॉक्टरांच्या हातात हात दिला. "तुमी जिंकलात."

मग मला म्हणाले, "आता मारून बगू का? आता तर चालतंय?" म्हटलं, मारा. त्यांनी तो दुसरा क्लब कुऱ्हाडीसारखा उचलला आणि मारला. चेंडू वाळूचा पातळ पापुद्रा घेऊन उठला, अंगणावर पडला, आणि होलमधल्या झेंड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. वाळूचा अंदाज बिनचूक होता. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग कसंनुसं होऊन थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पांनी दाताळं घेतलं आणि बंकर नीट सारखा करायला लागले. गुडघे दुखत होते, मी दाताळं घ्यायला हात पुढं केला, त्यांनी दिलं नाही. पूर्ण बंकर सारखा करून ते वर आले, दम खाल्ला, आणि मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता रागावतील. रागवावं असं मला वाटतही होतं.

"हवालदार, एक बोलू का?"

"बोला, आप्पा."

"तुमी इचारलंत, ते बरं केलंत. न इचारता सोडलं असतं तर मला जलमभर सलत ऱ्हायलं असतं. पर इचारताना उत्तर कशाला हातात ठिवलंत?" आवाज चढला नाही. "मी ते घेईन आसं वाटलं तुमाला."

मी मान खाली घातली. मला खुलासा करता येत होता. तुमच्यावर जीव आहे म्हणून, तुमचे गुडघे, तुमची शेवटची संधी. पण ते म्हणत होते ते खरं होतं. मला वाटलं होतं ते घेतील. आणि ते घेतील म्हणून वाटताना पुस्तक बाजूला ठेवणारा मीच होतो.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आप्पांचे दोन्ही गुडघे बदलले. आता ते छान चालतात, संध्याकाळी चहाला येतात, लोकांचे फटके बघून नाकं मुरडतात, पण खेळत नाहीत. फलकावर त्यांचं नाव नाही. कमिटीनं एकदा ठरवलं होतं, वरच्या बाजूला मान म्हणून लिहू. आप्पांनी उडवून लावलं, "असलं बापानं ठिवल्यालं माझ्यापाशी लई हाय." मला मात्र त्या फलकाखाली चहा घेताना अजूनही अवघड होतं, मी कप घेऊन बाहेर येतो.

पंचगिरी सोडली नाही. बंकरमध्ये कुणाचा हात खाली गेलेला दिसला की जवळ जातो. "काय केलंत?" एवढंच विचारतो, आणि समोरचा आपण होऊन सांगेपर्यंत तोंड बंद ठेवून उभा राहतो. कधी कधी फार वेळ उभं राहावं लागतं.